रिकामा डबा देऊ नये

कुणाचा डबा आला तर तो रिकामा परत द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. लहानपणापासून बघत आले, एवढंच. शेजारच्या काकूंनी वाटीभर अळूची भाजी पाठवली, तर दोन दिवसांनी त्याच वाटीतून आमच्याकडची चटणी जायची. घरात काहीच नसेल तर आई त्यात चिमूटभर साखर घालायची. झाकण उघडल्यावर तळ दिसता कामा नये. ही रीत मी अमेरिकेत, ट्रॉयला घेऊन आले आणि, आता कबूल करायला हरकत नाही, तिचं मी हत्यार केलं. मिशिगनच्या थंडीत एखादीने मायेने सूप आणून दिलं, की आठवड्याच्या आत तिच्या डब्यातून माझे बेसनाचे लाडू पोचते व्हायचे. ती हरखून जायची, आणि मी मनात म्हणायची, चला, सुटले.

माझा नवरा तर माझ्या वरताण. विमानतळावर सोडायला कुणाला सांगायचं नाही, टॅक्सी बोलवायची. घर बदललं तेव्हा सोफा जिन्यात अडकला. आम्ही दोघं त्याच्या दोन टोकांना अर्धा तास ताटकळत उभे होतो, पण शेजारच्या घराचं दार वाजवलं नाही. या गोष्टीवर आम्ही पुढे कितीतरी वेळा हसलो. आज तो सोफा आठवला की हसू येत नाही.

२००५ साली त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आधीपासून कुरकुरत होत्या, त्या वर्षी त्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीन दिवस पहाटे उठून डायलिसिसला जायचं, चार तास मशीनला जोडून घ्यायचं आणि तिथून थेट ऑफिस गाठायचं, असं सुरू झालं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे यादीत नाव घालून कुणा मृत माणसाच्या किडनीची वाट बघायची. दुसरी, कुणी जिवंत माणसाने आपली एक किडनी द्यायची. त्याचा रक्तगट ओ, आणि 'ओ' गटाला 'ओ' गटाचीच किडनी चालते. माझा बी. मी त्या खोलीतच बाही वर करून बसले होते, पण माझ्या किडन्यांचा त्याला काही उपयोग नव्हता. नागपाशात अडकल्यासारखं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. दिराचा गट जुळत होता, पण त्याला मधुमेह. तो बाद झाला. सासूबाई पंच्याहत्तरीच्या. घरातली माणसं संपली.

"मग आता ओळखीच्यांना विचारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचा समाज इथे मोठा आहे ना?"

आम्ही दोघांनी एकदम मान हलवली आणि गाडीत बसल्यावर एकदम म्हणालो, "कुणाला सांगायचं नाही."

का, ते आज मला नीट सांगता येत नाही. तेव्हा कारणं भरपूर होती. लोक कीव करतील. आमच्या शाळकरी मुलीकडे वेगळ्या नजरेने बघतील. आणि विचारायचं तरी काय? मीठ मागायला जातो तसं जाऊन, तुमच्याकडे एक जास्तीची किडनी असेल तर? कुणी दिलीच, तर तो डबा परत कशाने भरायचा? हे शेवटचं मी मोठ्याने बोलले नाही, पण खरं कारण तेच होतं. त्याच्या डाव्या हातावर सुया टोचून टोचून शीर दोरखंडासारखी फुगली होती. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला मी त्याला भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून न्यायची. "काय रे, बारीक झालास?" कुणी विचारलं की तो सांगायचा, "डाएट करतोय यार." आणि मी हसायची. सोळा महिने आम्ही हे नाटक केलं.

डायलिसिसच्या सेंटरमध्ये त्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक जपानी आजोबा असायचे. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून फार वर्षांपूर्वी आलेले, इथेच निवृत्त झालेले. त्यांची बायको, म्हणजे आजी, माझ्याबरोबर बाहेर बाकावर बसायची. सत्तरीची, चणीने एवढीशी, केस मात्र अजून बरेचसे काळे. आमचं बोलणं इंग्रजीत, तिचं अडखळत आणि माझं भरधाव. दुसऱ्याच आठवड्यात तिने रुमालात बांधलेल्या छोट्या डब्यातून मला भाताचे त्रिकोणी गोळे दिले. पुढच्या खेपेला मी त्याच डब्यातून चिवडा दिला. त्याच्या पुढच्या खेपेला तो डबा मुळ्याचं लोणचं घेऊन परत माझ्याकडे. मी शंकरपाळे. तिने रताळी. दोन महिने हे युद्ध चाललं. मी अशी हार मानणारी नव्हते, पण तीही नव्हती. शेवटी एकदा डबा देताना आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींना हसू फुटलं. तिने सांगितलं, तिच्या गावीही रिकामं भांडं परत करत नसत. काहीच नसलं तर तिची आई त्यात काड्यापेटी ठेवायची.

"माझी आई साखर," मी म्हणाले.

एक जपानी शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला, तो आजोबांच्या तोंडून. नर्स सुया लावत होती. आजोबांनी मशीनकडे बोट दाखवलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तारिकी होंगान!" आणि खो खो हसले. आजी मात्र हसली नाही. बाकावर आल्यावर मी तिला अर्थ विचारला, तर तिने हात झटकला. चांगल्या अर्थाने नाही वापरत, म्हणाली. अभ्यास न करता शेजारच्याच्या पेपरात बघणारा मुलगा असतो, त्याला मास्तर तसं म्हणतात. आपला संघ हरत असतो आणि दुसरा कुणीतरी तिसऱ्याला हरवेल तर आपण पुढे जाऊ, अशी आशा लावून बसतात, त्यालाही म्हणतात. स्वतः काही न करता दुसऱ्याच्या जिवावर बसणं. तिच्या सासऱ्यांचा हा आवडता शब्द होता, आणि तो बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याला उद्देशून असायचा.

"आमच्याकडेही आहे," मी म्हणाले. "असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी." भाषांतर करून सांगितलं. खाट, तिच्यावर पडलेला आळशी, आणि वाढून देणारा देव. तिला खाट फार आवडली. खुर्चीवर आडव्या पडलेल्या दोन नवऱ्यांकडे तिने काचेतून पाहिलं.

मग ती म्हणाली, "पण मूळ शब्द तसा नाही."

मूळ शब्द देवळातला होता. तारिकी म्हणजे दुसऱ्याचं बळ. होंगान म्हणजे मूळचा संकल्प. तो संकल्प अमिदाचा, म्हणजे आपण ज्याला अमिताभ बुद्ध म्हणतो त्याचा. जो कुणी मला हाक मारेल, तो कितीही नालायक, कितीही दुबळा असो, त्याला पार नेल्याशिवाय मी बुद्ध होणार नाही, असं तो म्हणाला. तेव्हा तारिकी म्हणजे आळस नव्हे. ज्याने स्वतःचं सगळं बळ लावून पाहिलं आणि ते संपलं, त्याने हाक मारायची, एवढाच त्याचा अर्थ. याच्या उलट जिरिकी, स्वतःचं बळ. तिच्या देवळातले लोक हा शब्द असा टिंगलीत वापरलेला ऐकला की चिडतात, म्हणाली. पण सगळा देश तसाच वापरतो, तिचा नवरासुद्धा. "शब्द वाईट नव्हता. आम्ही वापरून वापरून केला."

मला माझे वडील आठवले. माकडाचं पिल्लू आणि मांजराचं पिल्लू, असं ते सांगायचे. माकडीण उडी मारते तेव्हा पिल्लूच तिच्या पोटाला घट्ट धरून बसतं, हात सुटला की संपलं. मांजराचं पिल्लू नुसतं म्यांव करतं, आणि आई येऊन त्याला मानेला धरून उचलून नेते. भक्ती दोन्ही तऱ्हेची, असं ते म्हणायचे. मी आजीला ते सांगितलं.

"मग तू माकड आहेस," ती लगेच म्हणाली. "मीही." आणि दोघींच्या मध्ये ठेवलेल्या डब्यावर तिने बोट आपटलं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो फार खचला. जिना चढताना मध्येच बसायचा. डायलिसिसने हृदयावर ताण येतोय, आता जास्त वाट बघण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. यादी हलत नव्हती. मी रोज सकाळी फोनकडे बघत चहा प्यायची. बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. दुसऱ्या कुणाची तरी गाडी आपटावी आणि त्याचा रक्तगट ओ असावा, अशी आशा मी लावून बसले होते. हेही तारिकी होंगानच, मास्तरांचं. एकदा गाडीत रेडिओवर अपघाताची बातमी लागली आणि मी आवाज वाढवला. मागून मुलगी म्हणाली, "आई, व्हाय आर यू स्माइलिंग?" त्या दिवशी माझी मला भीती वाटली.

त्यानंतरच्या गणपतीला मी ते केलं. मंडळाचा उत्सव एका शाळेच्या कॅफेटेरियात असायचा. आरती झाली, जेवणाची रांग लागत होती, आणि सेक्रेटरी माइकवर सांगत होते की एका निळ्या गाडीचे लाइट चालू राहिलेत. मी पुढे जाऊन त्यांच्या हातातून माइक घेतला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. जे तोंडातून आलं ते असं, "माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. दीड वर्ष होत आलं. आम्ही सांगितलं नाही. त्याला ओ गटाची किडनी हवी आहे. कुणी टेस्ट करून घ्याल का? माझी चालत नाही."

बायका हातातल्या ताटांसकट थांबल्या. कुणाचा तरी मुलगा मोठ्याने म्हणाला, "व्हॉट डिड शी से?" आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग सगळे एकदम भोवती आले. "अगं, आधी नाही का सांगायचं?" "आम्ही काय परके आहोत का?" मला त्या प्रत्येक प्रश्नाचा राग आला आणि प्रत्येक प्रश्न खरा होता. नवरा भिंतीला टेकून उभा होता. घरी आल्यावर त्याने कुर्त्याची बाही वर केली, तो हात माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "भीक मागितलीस."

"हो," मी म्हणाले. "आणि परत मागेन."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला तो नागपूरच्या त्या बाईंचा. आता त्यांच्याविषयी सांगायला हवं, आणि सांगताना मला लाज वाटते. त्या मंडळातल्याच, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, आवाज असा की माइक लागू नये. त्यांच्याकडे गेलेला डबा परत येत नसे. रिकामा नाही, भरलेला नाही, मुळीच नाही. माझे तीन स्टीलचे डबे त्यांच्याकडे चार वर्षं अडकले होते. घरात मी त्यांना 'डबेबुडवी' म्हणायची. नवऱ्याला हसवायचं असलं की मी त्यांची नक्कल करायची.

"माझा ओ पॉझिटिव्ह आहे," त्या म्हणाल्या. "टेस्टला कुठे यायचं ते सांग."

 काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "तुम्ही घरी विचारलंत का?"

"विचारून कोण राहिलंय? सांगितलं."

"अहो, पण मी हे... मी तुमचं हे कसं फेडू?"

"बाप्पा! काय फेडणं लावलं?" त्या हसल्या. "तुझे तीन डबे आहेत ना माझ्याकडे. फिट्टंफाट!"

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि हुंदके देत रडले. मग नवऱ्याला सांगितलं. "डबेबुडवी?" त्याने विचारलं. मी मान हलवली. मग तो हसला. दीड वर्षात तो तसा हसला नव्हता.

तपासण्यांना तीन महिने लागले. रक्त, लघवी, हृदय, मन, सगळं बघतात. त्या प्रत्येक खेपेला बाई स्वतः गाडी चालवत जायच्या, मला येऊ द्यायच्या नाहीत. सगळं जुळलं. जानेवारीतली एक तारीख मिळाली. मी बाकावर आजीला ती तारीख सांगितली, तेव्हा तिने दोन्ही तळवे जोडून डोकं खाली घातलं. आम्ही नमस्कार करतो तसंच.

तारखेला अकरा दिवस उरले असताना, सकाळी डायलिसिस चालू असतानाच त्याचं हृदय थांबलं. काचेपलीकडे माणसं धावताना दिसली. आधी मला वाटलं, आजोबांना काही झालं. आजोबा तर खुर्चीतून मान वर करून शेजारी बघत होते. मग मला कळलं. मी काचेवर हात मारत राहिले. आजीने मागून माझी कंबर धरली होती, एवढ्याशा बाईने, आणि सोडली नाही.

त्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या खोलीबाहेर मी तिच्यावर ओरडले. कुठे गेला तुझा अमिदा? मी हाक मारली होती ना? सगळ्या गावासमोर मारली होती.  "मला माहीत नाही," ती म्हणाली. आजवर मला भेटलेल्या माणसांत, त्या दिवसाविषयी खोटं न बोललेली ती एकटीच.

खरं उत्तर मला माहीत होतं, आणि ते तिच्याकडे मागण्यात अर्थ नव्हता. हाक मारल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस आलं होतं. तीन दिवस लागले फक्त. हाक मारायलाच आम्ही सोळा महिने लावले. मी लावले. ते सोळा महिने मी आजही मोजते, पुढून मोजते, मागून मोजते, आणि दर वेळी त्यांच्यात तो वाचतो.

मग डबे यायला लागले. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसते, हे अमेरिकेतल्या बायकाही विसरलेल्या नसतात. पिठलं, भात, मुगाची खिचडी, वरण. दार वाजायचं, डबा आत यायचा. आजी आली, रुमालातला तोच छोटा डबा घेऊन. मी झाकणाला हात लावला तर तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "या वेळी फक्त घे." नागपूरच्या बाई मोठा स्टीलचा डबा घेऊन आल्या, ओट्यावर ठेवला आणि तिथेच उभ्या राहून रडायला लागल्या. त्यांचा एक हात कमरेपाशी होता. "राहून गेली ना वं माझ्या अंगातच," एवढंच म्हणत राहिल्या.

सुतकाच्या घरातलं कुणी खात नाही, त्यामुळे तेरा दिवस मला कुणाला काही द्यायचा प्रश्न नव्हता. दीर येऊन सगळं करून परत गेला. चौदाव्या दिवशी मुलगी शाळेत गेली, आणि मी ओट्यावर डबे मांडले. सतरा. घासून, पुसून, झाकणं शेजारी. आणि कढईत रवा भाजायला घेतला. दुःख असो नाहीतर काही असो, मला दुसरं काही येतच नव्हतं. हिला पाच लाडू, तिला सात. असा मनात हिशेब करत करत मी नागपूरच्या बाईंच्या त्या मोठ्या डब्यापाशी आले. त्यात किती लाडू घालायचे? मी झारा हातात धरून त्या डब्याकडे बघत राहिले. जळका वास आला तेव्हा खाली पाहिलं, रवा काळा झाला होता.

मी गॅस बंद केला. सतराही डबे तसेच गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले आणि निघाले.

पहिलं दार मंडळातल्या एका मैत्रिणीचं. डबा पुढे केला तर ती म्हणाली, "अगं, कशाला घाई केलीस!" आणि घेतला. तिला तो हलका लागला असणार. तिने झाकण उघडलं नाही.  आजीच्या दारात तिने डबा हलवून पाहिला, आवाज आला नाही, तशी ती वाकली. इतकी खाली वाकली की मला तिची मानच दिसत राहिली.

नागपूरच्या बाईंचं घर मी शेवटी ठेवलं होतं. त्यांनी दार उघडलं, डबा घेतला, सवयीने झाकण काढलं आणि आत पाहिलं.

"रिकामा आहे," मी म्हणाले. "माझ्याकडे घालायला काही नाही."

"बरं केलं. आत ये."

त्यांच्या ओट्यावर माझे तीन डबे एका रांगेत ठेवलेले होते, लख्ख घासलेले. ऑपरेशनच्या आधी द्यायचे म्हणून काढून ठेवले होते, म्हणाल्या, मग राहूनच गेलं. त्या पिशवी शोधायला लागल्या. मी दोन डबे उचलून एकात एक बसवले. तिसऱ्याला हात लावला, आणि तो मागे सरकवून ठेवला.

"हा राहू दे तुमच्याकडे," मी म्हणाले. "फिट्टंफाट नको."